अंगठेबहाद्दर

लक्ष्मीबाई नगरात सकाळी घड्याळ बघावं लागत नाही. साडेआठला जिन्यातून बूट खाली उतरू लागतात, पावणेनऊला स्कूटरला लाथा बसतात आणि नऊला दहा कमी असताना मेट्रोच्या दिशेने जे धावत सुटतं ते भारत सरकार असतं. दिल्ली हाट–आयएनए स्टेशन वसाहतीच्या हाकेवर. तिथून केंद्रीय सचिवालय चौथं स्टेशन. सोनिपत, पलवल, मेरठहून गाडीत उभं राहून येणारे कारकून नऊच्या आधी कँटीनमध्ये चहा पीत असतात आणि चार स्टेशनांवरचे आमचे शेजारी धापा टाकत पोचतात. घर जितकं जवळ तितका माणूस उशिरा. हे अजून कार्मिक विभागाच्या लक्षात आलेलं नाही, नाहीतर त्यांनी सगळी क्वार्टर्स पलवलला बांधली असती.

मी इथे राहतो तो बायकोच्या क्वार्टरमध्ये. ती केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. कुठल्या, ते सांगणार नाही. क्वार्टर तिच्या नावावर आहे. मी घरी बसून लिहितो. आपल्याकडे सरकारी नोकराला उगाच सरकारचा जावई म्हणतात. तो बिचारा नोकरच. पगार तिचा, घर सरकारचं आणि दुपारची झोप माझी, तेव्हा खरा जावई कोण हे वाचकांनी ठरवावं. जावयाला सासरच्या कारभारातले दोष फार स्पष्ट दिसतात, एवढ्याच अधिकारावर पुढचं सगळं लिहितो आहे.

आधी वसाहतीच्या नावाचं बघू. झाशीच्या राणीचं नाव. आजूबाजूला सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर, किदवई नगर. या मंडळींनी आपलं बरंचसं आयुष्य सरकारचं न ऐकण्यात घालवलं आणि त्यांच्या नावाच्या पाट्यांखाली राहायला आले ते लोक, ज्यांना सरकारचं ऐकण्याचाच पगार मिळतो. नेताजींनी १९२१ मध्ये आयसीएसचा राजीनामा दिला. नेताजी नगरात आज राजीनामा म्हटलं तर लोक आधी तुमची तब्येत विचारतील. राणीचा वारसा मात्र आम्ही जपला आहे. ‘मी माझी झाशी देणार नाही’ हे वाक्य निवृत्तीच्या महिन्यात घराघरांत उच्चारलं जातं. निवृत्तीनंतर क्वार्टर ठेवायला सहा महिने मिळतात. मग मुलीची बारावी निघते, सासऱ्यांचं ऑपरेशन निघतं, नोएडातल्या फ्लॅटचा बिल्डर निघून जातो. त्यापुढे येतं ते डॅमेज रेंट आणि अनधिकृत भोगवटादारांना बाहेर काढण्याचा १९७१ चा कायदा. डलहौसीकडे एवढी सोय नव्हती.

राणीची शिस्त मोठी होती. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे सत्तावनच्या धामधुमीत झाशीत अडकले होते, त्यांनी ‘माझा प्रवास’मध्ये बाईसाहेबांची दिनचर्या लिहून ठेवली आहे. पहाटे उठून मल्लखांब, मग घोड्यावरची रपेट, मग स्नान आणि देवधर्म. कचेरी दुपारची. एवढं सगळं करून नऊच्या ठोक्याला यंत्रावर अंगठा नाही म्हणून आज त्यांची सीएल, म्हणजे किरकोळ रजा, कापली गेली असती. किल्ला कोण लढवतं हे यंत्र विचारत नाही.

हे यंत्र २०१४ मध्ये आलं. आधारला जोडलेली बायोमेट्रिक हजेरी. ज्या देशाने माणसाला अंगठ्यावरून सहीवर आणण्यासाठी प्रौढ साक्षरतेचे वर्ग चालवले, त्याच देशाने एम.ए., एम.फिल. झालेल्यांना सहीवरून पुन्हा अंगठ्यावर आणलं. सुरुवातीला तर कोण किती वाजता आलं हे वेबसाइटवर कुणालाही बघता येत असे. माझ्या आईने साताऱ्यात शेजारच्या मुलाकडून ती साइट उघडून घेतली. सव्वानऊला फोन. ‘सूनबाई अजून पोचली नाही का रे?’ तोपर्यंत सासूची पाळत हा घरगुती मामला होता. त्याला केंद्रीय सर्व्हर मिळाला. नंतर आईच कंटाळली. ‘रोज वेळेवरच येते की,’ असं ती ज्या सुरात म्हणाली त्यात थोडी निराशा होती.

दिल्लीच्या जानेवारीत बोटांची कातडी सुकते आणि यंत्र ओळख द्यायला तयार नसतं. बायकोच्या पर्समध्ये व्हॅसलीनची डबी असते ती ओठांसाठी नाही. फाटकापाशी रांग लागते. प्रत्येक जण बोट पुसतो, फुंकर मारतो, शर्टावर घासतो, पुन्हा लावतो, लाल दिवा, पुन्हा लावतो. यात एक बारीक गोष्ट अशी की ज्यांची बोटं घासलेली असतात, म्हणजे जन्मभर फायलींचे गठ्ठे बांधणारे शिपाई, घरी भांडी आणि कपडे उरकून आलेल्या बायका, त्यांच्याच रेषा यंत्राला सापडत नाहीत. साहेबांचं बोट पहिल्या फटक्यात हिरवं. जो राबतो तोच गैरहजर, ही नोंद इतक्या अचूकपणे करणारं दुसरं साधन माझ्या पाहण्यात नाही. आता चेहरा बघून हजेरी घेण्याची सोय आली आहे. सकाळी नऊच्या चेहऱ्यावरून माणूस ओळखता येतो, या गृहीतकाबद्दल मला शंका आहेत. मी रोज साडेआठला बघतो.

नियम तसा उदार आहे. महिन्यातून दोनदा, तासाभरापर्यंतचा उशीर, कारण पटण्यासारखं असेल तर माफ. त्यापुढे प्रत्येक उशिराला अर्धी सीएल. सरकारला वाटलं, माणसं हे दोन उशीर अडीअडचणीला वापरतील. वसाहतीने त्यांना हक्काच्या रजेत जमा केलं. महिनाअखेर उद्यानातल्या बाकावर ‘तुमचा किती शिल्लक आहे?’ ‘एक.’ ‘मग उद्या घालवून टाका, वाया कशाला?’ असे संवाद मी स्वतः ऐकले आहेत. कधीच उशिरा न येणारा एक अवर सचिव नियम बघून दोनदा उशिरा जाऊ लागला, असंही सांगतात. जून २०२४ मध्ये बायोमेट्रिक पाळण्याची आठवण पुन्हा करून देणारा आदेश निघाला. म्हणजे दहा वर्षांत यंत्राने लोकांना जितकी सवय लावली, तितकीच लोकांनी यंत्राला.

मंत्र्यांनीही हजेरी तपासण्याचा नाद करून पाहिला आहे. २०१४ मध्ये नवं सरकार आलं तेव्हा प्रकाश जावडेकर सकाळी-सकाळी आपल्या मंत्रालयात अचानक येऊन खोल्या बघत फिरले आणि बऱ्याच खुर्च्या रिकाम्या निघाल्या. पुण्याच्या माणसाने दिल्लीकरांना वेळ शिकवली याचा पुण्यात कोण आनंद! पुण्याचे माझे एक काका फोनवर म्हणाले, ‘एक ते चारमध्येही गेले होते का?’

शिस्तीने काहीच होत नाही असं माझं म्हणणं नाही. होतं, थोडे दिवस होतं. उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि रेचेल ग्लेनर्स्टर यांनी सरकारी उपकेंद्रांतल्या परिचारिकांच्या हजेरीवर एक प्रयोग तपासला. सेवा मंदिर ही तिथली संस्था देखरेखीला. दिवसातून ठराविक वेळा यंत्राने नोंदवहीवर शिक्का मारायचा, गैरहजेरी फार झाली तर पगार कापायचा. पहिल्या काही महिन्यांत हजेरी झकास वाढली. मग आरोग्य खात्याने ‘सूट दिलेला दिवस’ नावाचा एक रकाना मोठ्या मनाने वापरायला सुरुवात केली: आज बैठक, आज सर्वेक्षण, आज आणखी काही. सोळा महिन्यांनी बघतात तर यंत्र असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत फरक उरला नव्हता. गैरहजेरी तेवढीच होती, फक्त आता ती मंजूर होती. २००८ मध्ये छापलेल्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकात मढ्याला पट्टी चिकटवल्याचा उल्लेख आहे. पुढे त्यातल्या दोघांना नोबेल मिळालं. परिचारिकांना काय मिळालं ते कळलं नाही, पण उपकेंद्रात पाणी नसेल, औषध नसेल आणि त्यामुळे रोगीही येत नसेल, तर तिथे सहा तास बसून यंत्राकडे बघण्यासाठी वेगळ्या प्रकारचं मनोबल लागतं.

तर अंगठा लागला. हिरवा दिवा लागला. पुढे काय?

पुढे बायकोचा सेक्शन. मी तिथे एकदा डबा द्यायला गेलो होतो. खोलीला खिडकी आहे, पण ती पोलादी कपाटांच्या मागे आहे. कपाटांत जुनं रेकॉर्ड आहे. ते हलवायचं तर आधी छाटायला हवं, छाटायचं तर कोणीतरी वाचायला हवं, वाचायचं तर उजेड हवा आणि उजेड खिडकीतून येतो. पंखा या खोलीत आणि त्याचा रेग्युलेटर पार्टिशनच्या पलीकडे, दुसऱ्या विभागात. त्यांना थंडी वाजली की इकडचा बंद होतो. यावर दोन विभागांत पत्रव्यवहार आहे. खुर्च्यांना पाच चाकं असावीत असा संकेत दिसतो, प्रत्यक्षात चार ते साडेतीन. खाली बसताना प्रत्येक जण आधी एका हाताने टेबल धरतो. सेवाज्येष्ठता त्या धरण्याच्या सफाईवरून ओळखावी. बायकांचं स्वच्छतागृह मजला सोडून, जिना उतरून, कॉरिडॉरच्या टोकाला. हे नऊ ते साडेपाच बसणाऱ्या बाईच्या कार्यक्षमतेशी संबंधित असू शकेल, असं कुठल्याही मूल्यमापन अहवालात मी वाचलेलं नाही.

एक पायरी वर चढा, की खुर्चीच्या पाठीला पांढरा टर्किश टॉवेल येतो. भारतीय प्रशासनात टॉवेल अंग पुसायला नसतो. तो रोज बदलला जातो, न वापरता. टॉवेलच्या पुढे गालिचा, गालिच्याच्या पुढे एसी, एसीच्या पुढे स्वतंत्र स्वच्छतागृह. म्हणजे माणूस जितका कमी टंकलेखन करतो तितकी त्याची हवा थंड. ही इंग्रजांची देणगी म्हणावी, तर इंग्रज निदान मोठा विचार करत. कलकत्त्याच्या उकाड्यात काम होत नाही हे ओळखून त्यांनी १८६४ पासून दर उन्हाळ्यात सरकारच उचलून शिमल्याला न्यायला सुरुवात केली; फायली, कारकून, शिपाई, सगळं. आम्ही पंख्याच्या रेग्युलेटरसाठी पत्र लिहितो.

दर जानेवारीत दिल्लीच्या वर्तमानपत्रांत एक फोटो येतो: सरकारी कचेऱ्यांपुढच्या हिरवळीवर कोवळ्या उन्हात शेंगदाणे खात, स्वेटर विणत बसलेले कर्मचारी. खाली मथळा, देश कसा चालतो वगैरे. नियमाप्रमाणे जेवणाची सुट्टी एक ते दीड आणि फोटो दोनला काढलेला असतो, हे मान्य. पण त्याच वेळी आत खोलीत किती तापमान होतं, हे कुठल्याही वार्ताहराने आजवर छापलेलं नाही. आत बायको दोन स्वेटर आणि एक शाल घालून, हातमोज्यांची बोटं कापून ई-ऑफिसवर नोट टाइप करत असते. बाहेरच्यांचे फोटो येतात; आतलीला फक्त सर्दी होते.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून दिव्यांचा एक प्रसिद्ध प्रयोग झाला. उजेड वाढवला, काम वाढलं. उजेड कमी केला, तरी काम वाढलं! निष्कर्ष असा काढला गेला की माणसं दिव्यासाठी नव्हे, कोणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय म्हणून काम करतात. पुढे या आकड्यांवर पंडितांनी बऱ्याच शंका घेतल्या, पण गोष्ट टिकली. बायकोला सांगितली तर ती म्हणाली, ‘आमच्याकडे यातला उजेड कमी करण्याचा भाग पूर्ण झालाय. लक्ष देण्याचा कधी सुरू होतोय ते विचार.’

नव्या इमारती होत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये कर्तव्य भवन-३ चं उद्घाटन झालं. काच, उजेड, मोकळी बैठक, सगळं आजच्या पद्धतीचं. थोड्याच दिवसांत सचिवालय सेवेतल्या अधिकाऱ्यांनी तक्रार केली की मोकळ्या बैठकीत गोपनीयता राहत नाही, शेजारच्याचं बोलणं ऐकू येतं. मला ही तक्रार खोटी वाटत नाही. पण आमच्या बाकावर तिचा वेगळा अर्थ लागला. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, ‘सत्तर साल भिंती होत्या म्हणून बाहेरच्याला वाटायचं आत काहीतरी चाललंय.’

आता शिस्तभंगाच्या कारवाईकडे येऊ, कारण सरकारी नोकराला काढताच येत नाही असं बाहेर सगळ्यांना वाटतं. येतं. वेळ लागतो. सरकारी वसाहती बांधणाऱ्या आणि राखणाऱ्या सीपीडब्ल्यूडीतले एक अभियंता डिसेंबर १९९० मध्ये रजेवर गेले. रजा वाढवून मागितली, मिळाली नाही, ते आले नाहीत. १९९२ मध्ये चौकशी सुरू झाली. २००५ मध्ये नव्याने आरोपपत्र. २००७ मध्ये आरोप सिद्ध. जानेवारी २०१५ मध्ये बडतर्फ. रजेवर गेले तेव्हा चंद्रशेखर पंतप्रधान होते. काढलं तेव्हा नरेंद्र मोदी. मधल्या काळात दोन वेतन आयोग येऊन गेले, बायोमेट्रिक आलं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी चोवीस वर्षांची रजा म्हणून त्यांना प्रसिद्धी दिली. मला कौतुक त्या फाइलचं वाटतं. ती फाइल रोज कोणाच्या तरी टेबलावर होती आणि ज्याच्या टेबलावर होती तो वेळेवर येत होता. गैरहजर माणूस एकच. त्याला काढायला न जमलेली माणसं सगळी हजर. अंगठा यांचा लागला असता, त्यांचा नाही, आणि निकाल दोन्हीकडे सारखाच.

उलट बाजूलाही एक गोष्ट आहे. सीमा रस्ते खात्यातले देवदत्त नावाचे अभियंता. त्यांच्या गोपनीय अहवालात १९९३-९४ सालासाठी साहेबांनी शेरा मारला, ‘गुड’. चांगला. आपल्याला कोणी चांगला म्हटलं तर आपण घरी पेढे नेतो. पण बढतीची अट होती ‘व्हेरी गुड’ची, आणि शेरा गोपनीय, त्यामुळे देवदत्तांना आपण चांगले आहोत हे कळलंच नाही. बढती चुकली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मे २००८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की अशा परिस्थितीत ‘गुड’ हा शेरासुद्धा प्रतिकूलच, आणि यापुढे प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवा. भारत सरकारमध्ये चांगलं असणं हा दोष ठरू शकतो, यावर असा शिक्का बसला.

शेरे उघड झाले आणि साहेबांची पंचाईत झाली. आता दहापैकी गुण द्यायचे आणि ते वाचून माणूस दुसऱ्या दिवशी समोर उभा. सात दिले तर प्रतिवेदन, सहा दिले तर कोर्ट. मग साहेब सगळ्यांना नऊ देतो. बायकोच्या सेक्शनमध्ये एक जण मान मोडून काम करतो, एक जण वर्तमानपत्राचं कोडं सोडवतो, दोघांना नऊ. कोडंवाल्याचा अंगठा तर रोज आठ पन्नासला लागतो. मान मोडणारा रात्री साडेआठपर्यंत थांबतो म्हणून सकाळी कधीमधी नऊ पंचवीसला येतो आणि त्याच्या सीएल कापल्या जातात. साडेपाचनंतर तो किती वेळ होता हे यंत्राला माहीत असतं. ते कुणी विचारत नाही, एवढंच.

म्हणून मला या सगळ्या व्यवस्थेत माकडवाल्यांचा हेवा वाटतो. रायसिना टेकडीवरच्या कचेऱ्यांत माकडांचा उच्छाद जुना आहे. ती डबे पळवतात, तारा तोडतात, फायली फाडतात. आधी त्यांना घाबरवायला लंगूर ठेवले होते. वन्यजीव कायद्याखाली लंगूर बाळगणं बंद झालं. मग २०१४ मध्ये शहरविकास मंत्री व्यंकय्या नायडूंनी राज्यसभेत लेखी उत्तर दिलं की नवी दिल्ली नगरपालिकेने चाळीस प्रशिक्षित तरुण नेमले आहेत, ते लंगुराचं सोंग घेऊन माकडांना पळवतात.

विचार करा. कार्यालय म्हणजे झाड किंवा गच्ची. पंखा नाही, रेग्युलेटर नाही, टॉवेल नाही. ‘कृपया चर्चा करावी’ लिहिणारा उपसचिव नाही. काम एकच आणि मूल्यमापन जागच्या जागी: माकड पळालं किंवा नाही पळालं. फाइल वर पाठवून माकडाबाबत निर्णय वरिष्ठांवर सोपवता येत नाही. आणि तुम्ही नऊ वाजता आलात की सव्वानऊला, हे माकड बघत नाही.

हे सगळं मी रात्री जेवताना मोठ्या उत्साहाने बायकोला ऐकवलं. तिने शेवटची पोळी संपवली, ताट उचललं आणि विचारलं, ‘ते चाळीस जण कायम होते की कंत्राटी?’

मला माहीत नव्हतं.

‘कंत्राटीच असणार,’ ती म्हणाली. ‘कायम असते तर माकडांनी प्रतिवेदन दिलं असतं.’